चार दिवस चालून पाचव्या दिवशी पडणारा ड्रायव्हर: 'पेज ॲलोकेशन फेल्युअर' कसं शोधायचं

बोर्ड चार-पाच दिवस बिनतक्रार चालतो. मग एका सकाळी कॅमेरा सुरूच होत नाही. कोणीतरी पॉवर काढून परत लावतं, सगळं सुरळीत होतं आणि तिकीट 'रीप्रोड्यूस होत नाही' म्हणून बंद केलं जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

लिनक्स ड्रायव्हरमधली ही तक्रार वेगवेगळ्या बोर्डांवरून माझ्याकडे दहा-बारा वेळा तरी आली आहे. दर वेळी मी त्याच क्रमाने जातो, तो क्रम इथे लिहितोय. फंक्शनांची आणि फाइलींची नावं आपण ऑफिसात बोलतो तशीच लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे डीमेसेजमधली, म्हणजे कर्नेलच्या लॉगमधली, ही ओळ: 'पेज ॲलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:५', पुढे मोड (मागणी कशी केली ते) आणि त्याखाली लांबलचक स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्याची यादी). गंमत म्हणजे त्याच वेळी 'फ्री' कमांड मारली तर मेमरी भरपूर दिसते.

बाकीची लक्षणं इतकी सरळ नसतात. लोड वाढला की नेटवर्कची पॅकेटं गळतात. 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' अशी ओळ अधूनमधून येते आणि कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. स्टोरेजचं काम करणारा थ्रेड अडकतो आणि '१२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ ब्लॉक्ड' असा संदेश दिसतो. आणि सगळ्यात छळणारं लक्षण: डिव्हाइसकडून आलेल्या बफरचे पहिले काही बाइट कधीकधी कचरा, उरलेला बफर ठणठणीत.

ही चार वेगळी दुखणी वाटतात. पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी मूळ एकच निघालं. ड्रायव्हर मेमरी मागताना फक्त 'इतके बाइट दे' म्हणतो. मी आत्ता कुठे उभा आहे, ही मेमरी कोण वापरणार आणि कधीपर्यंत, हे सांगतच नाही. बहुतेकदा सांगायची सोयही नसते, कारण कोणीतरी केमॅलॉकवर (कर्नेलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) स्वतःचं सुटसुटीत रॅपर बांधलेलं असतं आणि त्याला एकच आर्ग्युमेंट असतं: साइझ.

आधी लॉग पूर्ण वाचा

फुकटची तपासणी, आणि नेमकी हीच लोक टाळतात. स्टॅकच्या खाली झोनवार (मेमरीच्या भागांनुसार) आकडे असतात. नमुन्यादाखल अशी ओळ घ्या (मधली अक्षरं गाळली आहेत):

नॉर्मल: ३१२०*४केबी १४०५*८केबी ६१२*१६केबी ४७*३२केबी ३*६४केबी ०*१२८केबी ०*२५६केबी ... = ३५२०८केबी

म्हणजे ३४ एमबी रिकामी आहे. पण ड्रायव्हरने ऑर्डर ५ मागितली होती. ऑर्डर म्हणजे दोनाचा घात: ऑर्डर ५ म्हणजे ३२ पानं, ४ केबीच्या पानांनी १२८ केबी, आणि तीही सलग. पंगतीत जागोजागी पाट रिकामे आहेत, पण बत्तीस पाट एका रांगेत कुठेच नाहीत. शिवाय बडी ॲलोकेटरचा (पानं वाटणाऱ्या कर्नेलच्या यंत्रणेचा) आणखी एक हट्ट असतो. नुसते सलग बत्तीस चालत नाहीत, ते बत्तीसच्या पाढ्यावरच सुरू व्हावे लागतात.

याच लॉगमध्ये झोनपुढे 'फ्री' आणि 'मिन' असे दोन आकडे असतात. फ्री हा मिनच्या खाली गेला असेल तर मेमरी खरोखरच संपली आहे; तसं असेल तर गळतीचा भाग खाली आहे, तिथे जा. फ्री भरपूर असूनही मोठा तुकडा नसेल तर ते फ्रॅगमेंटेशन. दोन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळे हे ठरल्याशिवाय कोडला हात लावू नका.

ऑर्डरचा आकडाही बोलका असतो. कर्नेलच्या लेखी ऑर्डर ३ पर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची मागणी 'परवडणारी'. झोपायची मुभा असेल तर कर्नेल ती सहसा नाकारत नाही, पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. त्यावरची मागणी 'महाग', तिथे तो लवकर हात वर करतो. म्हणून ऑर्डर ४ किंवा त्यावर फेल झालं तर दोष मागणाऱ्याचा धरा. ऑर्डर ० फेल झालं आणि मोडमध्ये ॲटॉमिक (थांबता न येणारी मागणी) असेल तर आधी नेटवर्क ड्रायव्हर आहे का बघा. तिथे पॅकेट टाकून देऊन पुढच्या वेळी पुन्हा मागणं ही रीतच आहे, तो बिघड नव्हे.

बडीइन्फो: तीन वेळा, एकदा नाही

'कॅट /प्रॉक/बडीइन्फो' ही एक कमांड. साधारण कॉन्फिगमध्ये अकरा रकाने दिसतात, ऑर्डर ० ते १०. बूटनंतर लगेच, दुसऱ्या दिवशी, आणि बिघाडाच्या वेळी असे तीन नमुने घ्या. एकट्या नमुन्यावरून काही कळत नाही. उजवीकडचे रकाने दिवसागणिक शून्याकडे सरकताना दिसले की फ्रॅगमेंटेशनचा पुरावा हातात आला.

खात्री करायची असेल तर बिघाडाच्या क्षणी रूट होऊन '/प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरी' मध्ये १ लिहा, म्हणजे कर्नेल पानं सरकवून सलग जागा करतो (कॉम्पॅक्शन), आणि ड्रायव्हर पुन्हा चालवून बघा. चालला तर निदान पक्कं.

पण हे निदान आहे, औषध नाही. एका ठिकाणी फील्डमधल्या बोर्डांवर क्रॉनने दर तासाला कॅश रिकामी करायची स्क्रिप्ट बसवली होती आणि दोन वर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. कॉम्पॅक्शनही फक्त हलवता येणारी पानं हलवतं. ड्रायव्हरने केमॅलॉकने घेतलेली पानं जागची हलत नाहीत, म्हणजे पंगतीत मध्येच फतकल मारून बसलेला पाहुणा बहुतेकदा आपलाच ड्रायव्हर असतो. 'मिन_फ्री_केबाइट्स' (कर्नेलने राखून ठेवायची मेमरी) वाढवणंही त्यातलंच, तापावर पॅरासिटामॉल. ॲटॉमिक मागण्यांना थोडा श्वास मिळतो, तुकड्यांचा प्रश्न तसाच राहतो.

मागितलं किती, मिळालं किती

अजून खर्च शून्य. फक्त कोड उघडायचा. केमॅलॉक तुमच्या आकड्याला वरच्या खणात ढकलतो. ८ केबीपर्यंत ठरावीक आकारांचे खण असतात, त्यापुढे थेट पानं, तीही दोनाच्या घातात.

आता रॅपर बघा. आमच्या एका जुन्या कोडमध्ये रॅपर प्रत्येक बफरच्या डोक्यावर १६ बाइटांचं हेडर लावायचा. त्यात एक खुणेचा आकडा, साइझ आणि शेवटचा वापर नोंदवणारा काउंटर. हेतू चांगला, गळती पकडायची. ड्रायव्हर मागायचा ६४ केबी, म्हणजे ६५५३६ बाइट. रॅपर त्यात १६ मिळवून ६५५५२ मागायचा. ६४ केबीत ते बसत नाही, म्हणून कर्नेल द्यायचा १२८ केबी. ऑर्डर ४ ची ऑर्डर ५ झाली आणि जवळजवळ निम्मी जागा वाया. वरचा लॉग पुन्हा बघा: त्या क्षणी ६४ केबीचे तीन तुकडे शिल्लक होते! हेडर नसतं तर ती मागणी तेव्हा भागली असती.

यावर उपाय म्हणून कोणी 'मग ६४ केबी वजा १६ मागू या' म्हणालं तर तेही नको. त्या हेडरचं दुसरं पाप पुढे येतंय.

इथेच आणखी एक गोष्ट तपासा: हा बफर खरोखर सलग हवा आहे का? फक्त सीपीयूच वापरणार असेल, टेबल, फर्मवेअरची प्रत, लॉग वगैरे, तर केव्हीमॅलॉक वापरा. तो आधी केमॅलॉक करून बघतो, जमलं नाही तर व्हीमॅलॉककडे जातो. सोडताना केव्हीफ्री. मला आलेल्या केसेसपैकी बऱ्याच या एका बदलात मिटल्या. मात्र व्हीमॅलॉकचा पत्ता डीएमएला (सीपीयूला वगळून डिव्हाइसने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) देऊ नका, तो फक्त दिसायला सलग असतो.

झोपायची परवानगी कोणी द्यायची?

इथून पुढे कर्नेल बिल्ड करावा लागेल, म्हणजे अर्धा दिवस.

जीएफपी_कर्नेल म्हणजे 'गरज पडली तर थांबेन, झोपेन, तोवर जागा करून दे'. जीएफपी_ॲटॉमिक म्हणजे 'थांबता येणार नाही, राखीव साठ्यातून दे नाहीतर नाही म्हण'. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक (धरलेला असताना झोपता येत नाही असं कुलूप) धरलेला असताना पहिला पर्याय चालत नाही.

नव्याने आलेल्या मुलांच्या कोडमध्ये सगळीकडे ॲटॉमिक दिसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, सेफ साइडला टाकलंय." हे सेफ नाही. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनात) आरामात थांबता येत असताना तुम्ही राखीव साठा खाता, आणि मोठा तुकडा मागितला तर कर्नेलला कॉम्पॅक्शनची संधीच देत नाही. ग्रेप मारा, ॲटॉमिक मोजा, आणि प्रत्येकापुढे 'इथे का झोपता येत नाही' हे एका वाक्यात लिहून बघा. ज्याला वाक्य सुचत नाही तिथे कर्नेल टाका.

याहून वाईट ते 'हुशार' रॅपर. तो आतमध्ये 'इन_इंटरप्ट' विचारतो, हो असेल तर ॲटॉमिक, नाही तर कर्नेल. कागदावर छान. पण इंटरप्टमध्ये नसतानाही कोणी स्पिनलॉक धरून हाक मारली असेल तर रॅपरला ते दिसत नाही. 'इन_ॲटॉमिक' वापरलं तरी प्रीएम्प्शनचा हिशेब न ठेवणाऱ्या कर्नेलवर स्पिनलॉक कळत नाही, आणि ड्रायव्हरच्या कोडमध्ये ते वापरू नका असं त्याच्या हेडर फाइलमध्येच लिहून ठेवलं आहे. ॲलोकेटरला संदर्भ ओळखता येत नाही. तो हाक मारणाऱ्यालाच माहीत असतो, म्हणून त्यानेच सांगायचा. जीएफपी हे दुसरं आर्ग्युमेंट त्यासाठीच आहे. ते रॅपरने गिळलं की हा बिघाड लावून घेतलाच समजा.

तपासण्यासाठी 'डीबग_ॲटॉमिक_स्लीप' चालू करून कर्नेल बिल्ड करा आणि नेहमीचा लोड द्या. चुकीच्या जागी झोपणारी हाक मेमरी भरपूर असतानाही पकडली जाते. हे महत्त्वाचं, कारण एरवी ती फक्त मेमरीची चणचण असतानाच झोपते, म्हणजे तुमच्या टेबलावर कधीच नाही आणि गिऱ्हाइकाकडे हमखास.

स्टोरेजवाल्यांसाठी वेगळी सूचना. डिस्कवर लिहिण्याच्या वाटेत जीएफपी_कर्नेल वापरलं की कर्नेल जागा करण्यासाठी घाण पानं (बदललेली, अजून डिस्कवर न गेलेली) डिस्कवर लिहायला काढू शकतो, म्हणजे पुन्हा तुमच्याच ड्रायव्हरकडे येतो. तुम्ही त्याची वाट बघता, तो तुमची. वरचा १२० सेकंदांचा संदेश इथून येतो. तिथे जीएफपी_नोआयओ वापरा. आणि काम पुढे सरकलंच पाहिजे अशा जागी मेमपूल ठेवा, म्हणजे थोडे तुकडे आधीच बाजूला काढलेले असतात.

गळती

मेमइन्फोमधला 'एसअनरिक्लेम' आकडा दिवसातून दोनदा नोंदवा. चढतच चालला असेल तर स्लॅबमध्ये (केमॅलॉकचे खण जिथून येतात त्या यंत्रणेत) गळती आहे. स्लॅबटॉप कोणता खण फुगतोय ते दाखवेल. मात्र ८ केबीपेक्षा मोठ्या मागण्या स्लॅबच्या खणांतून जातच नाहीत, त्यांची गळती स्लॅबटॉपमध्ये दिसत नाही. मग मॉड्यूल घालायचं-काढायचं असा लूप हजारदा चालवा. बहुतेक गळत्या एरर पाथमध्ये असतात: प्रोबची तिसरी पायरी फसली आणि पहिल्या दोन पायऱ्यांचं परत करायचं राहून गेलं. केमेमलीक (कर्नेलचं गळती शोधणारं साधन) चालू असेल तर तो स्टॅकसकट दाखवतो.

एक गळती मात्र केमेमलीकला दिसत नाही. डेव्हएमवाली फंक्शनं सोयीची, ड्रायव्हर सुटला की मेमरी आपोआप परत. म्हणून कोणीतरी तेच आयऑक्टलमध्ये (प्रोग्रॅमकडून ड्रायव्हरला वारंवार येणाऱ्या हाकेत) वापरतं. आता दर हाकेला नवा तुकडा डिव्हाइसच्या यादीत जमा होतो आणि ड्रायव्हर निघेपर्यंत तिथेच राहतो. यादीत नोंद आहे, म्हणजे कोणी हरवलेलं नाही; केमेमलीक म्हणतो सगळं आलबेल. वर सांगितलेल्या लूपमध्येही ही सुटते, कारण मॉड्यूल काढलं की हिशेब जुळतो. डेव्हएम फक्त प्रोबमध्ये, हा नियम मी रिव्ह्यूत अजिबात सोडत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या: कोणी डिव्हाइसची फाइल उघडी ठेवली असताना यूएसबी उपटली तर डेव्हएमची मेमरी जाते, फाइल मात्र उघडीच राहते.

कर्नेल ६.१० किंवा पुढचा असेल तर '/प्रॉक/ॲलोकइन्फो' चालू करता येतं; कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीने किती मेमरी धरली आहे ते सरळ दिसतं. आमच्याकडे ते चालू केलं तेव्हा सगळी मेमरी एकाच ओळीच्या नावावर निघाली. ती ओळ रॅपरची.

पहिले ४८ बाइट

आता त्या हेडरचं दुसरं पाप. बोर्ड एआरएमचा होता, कॅश लाइन (कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) ६४ बाइटांची, डीएमए कॅशशी सुसंगत नव्हता. बफर १६ बाइटांनंतर सुरू होतो, म्हणजे पहिल्या कॅश लाइनमध्ये १६ बाइट हेडर आणि ४८ बाइट डेटा शेजारी-शेजारी. डिव्हाइस मेमरीत लिहीत असताना सीपीयूने हेडरमधला काउंटर वाढवला की ती अख्खी लाइन कॅशमध्ये मळते. ती बाहेर लिहिली गेली की डिव्हाइसने नुकतेच ठेवलेले ४८ बाइट जुन्या कचऱ्याने पुसले जातात. फ्रेममध्ये बरोबर पहिले ४८ बाइट खराब का, यावर आमचे तीन आठवडे गेले. हार्डवेअरवाल्यांशी भांडणही झालं आणि नंतर माफीही मागावी लागली.

तुमच्याकडे खराब बाइटांची संख्या दर वेळी सारखीच येत असेल तर ती ६४ मधून किंवा १२८ मधून वजा करून बघा. उरलेला आकडा कोणाच्या तरी हेडरशी जुळतो का? कागद-पेन्सिलीचं काम आहे. मग 'डीएमए_एपीआय_डीबग' आणि केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालू करून एक रात्र चालू द्या. केसॅनने वेग बराच मंदावतो आणि मेमरीही जास्त लागते, लहान बोर्डावर कदाचित बसणारही नाही.

रॅपरचं काय करायचं

माझं मत: फक्त लिनक्ससाठी असेल तर काढून टाका. कर्नेलच्या फंक्शनांची नावंच सगळं सांगतात. पण आमच्यासारखं तेच कोड विंडोजवरही चालवायचं असेल तर काहीतरी मधलं लागतंच. तेव्हा साइझवालं एकच फंक्शन न ठेवता तीन ठेवली. एक डिव्हाइसच्या आयुष्यभरासाठी, ते फक्त प्रोबमधून. एक एका विनंतीपुरतं, त्यात 'थांबता येईल की नाही' हे हाक मारणाऱ्याने लिहायचंच, डिफॉल्ट नाही. आणि एक डीएमएसाठी, जे साध्या पॉइंटरऐवजी सीपीयूचा पत्ता आणि डिव्हाइसचा पत्ता अशी जोडी देतं, आतमध्ये डीएमए_ॲलोक_कोहेरंट. मोठे बफर प्रोबच्या वेळीच घ्यायचे, पंगत रिकामी असताना. फार मोठे असतील तर बूटलाच सीएमएत (सलग जागेच्या राखीव भागात) जागा राखायची, किंवा हार्डवेअरला जमत असेल तर स्कॅटर-गॅदर (विखुरलेले तुकडे यादी करून वापरणं).

विंडोजकडून एक कल्पना आम्ही उचलली: तिथे प्रत्येक मागणीला चार अक्षरांचा टॅग द्यावा लागतो आणि पूलमॉनमध्ये टॅगवार हिशेब दिसतो. आमचा टॅग बफरच्या डोक्यावर नाही, वेगळ्या टेबलात राहतो. कारण सांगायला नकोच.

इथे थांबा

स्टोरेजच्या ड्रायव्हरमुळे डेटा खराब होतोय असा नुसता संशय आला तरी प्रयोग थांबवा. आधी डिस्कची प्रत काढा, मग त्या सबसिस्टिमच्या मेंटेनरला विचारा. कर्नेलच्या सोर्समधली 'गेट_मेंटेनर' स्क्रिप्ट पत्ता देते. मशीन हॉस्पिटलात किंवा गाडीत बसलेलं असेल तर मिन_फ्री_केबाइट्सही स्वतःच्या मनाने बदलू नका, ज्याच्या सहीने ते प्रमाणित झालं त्याच्याकडे जा.

मॉड्यूल बंद सोर्सचं असेल, लॉगमध्ये 'टेंटेड' पुढे पी दिसत असेल, तर मेंटेनर मदत करणार नाहीत, विक्रेत्यालाच धरा. आणि केसॅन, डीएमए डीबग दोन्ही स्वच्छ असताना आयओएमएमयू (डिव्हाइसचे मेमरी-पत्ते तपासणारं हार्डवेअर) असा पत्ता दाखवून ओरडत असेल जो तुम्ही कधी मॅपच केला नव्हता, तर पुढचं काम चिपवाल्यांचं, लॉजिक ॲनालायझरसकट. तिथे कोड चाळत बसू नका.

जाताना सोबत न्या: बूटपासूनचा पूर्ण डीमेसेज, कर्नेलची आवृत्ती आणि कॉन्फिग, बडीइन्फोचे तिन्ही नमुने वेळेसकट. सगळं टेक्स्टमध्ये. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो नको, ऑर्डरचा आकडा नेमका त्यातच कापला गेलेला असतो.